समान कामाला समान पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न डब्याच्या सुट्टीत येतात, लोकलच्या लेडीज डब्यात येतात, आणि बहुतेक वेळा 'माझ्या एका मैत्रिणीचं असं झालंय' अशी सुरुवात होऊन येतात. मैत्रीण कोण ते आम्ही विचारत नाही. उत्तरं भारतातल्या कायद्याप्रमाणे आहेत आणि उदाहरणं शक्य तिथे महाराष्ट्रातली घेतली आहेत.

बाई आणि पुरुष एकच काम करत असतील तर सारखा पगार देणं मालकाला बंधनकारक आहे का?

हो, आणि आजकालचं नव्हे. २६ सप्टेंबर १९७५ ला यासाठी अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये समान वेतन कायदा झाला. त्याआधी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामाबद्दल समान वेतन हे तत्त्व होतंच. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्याच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नव्हतं. १९८२ च्या रणधीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४ आणि १६ च्या आधाराने त्या तत्त्वात जीव ओतला. खटला दिल्ली पोलिसातल्या एका पुरुष ड्रायव्हरचा होता, हे जाता जाता सांगायला हवं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७६ च्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे. कलम ३ पाहा. जुन्या कायद्यात 'स्त्री आणि पुरुष' असे शब्द होते. आता 'लिंगाच्या आधारावर' भेदभाव नको अशी भाषा आहे, त्यामुळे तृतीयपंथी कर्मचारीही या संरक्षणात येतात. पगाराइतकीच भरतीही यात धरली आहे. बाई म्हणून नोकरी नाकारायची नाही. ज्या कामावर बायकांना ठेवायला कायद्यानेच बंदी किंवा मर्यादा आहे, तेवढा अपवाद.

'सारखं काम' म्हणजे नक्की काय? मी आणि तो अगदी तंतोतंत तेच करत नाही.

सगळी मेख इथेच आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

कायदा 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम' म्हणतो. कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल, कामाची परिस्थिती सारखी असेल आणि उरलेला फरक व्यवहारात महत्त्वाचा नसेल, तर ते काम सारखं. तो तिसऱ्या मजल्यावर बसतो आणि तुम्ही दुसऱ्या, तो महिन्यातून एकदा बँकेत जातो आणि तुम्ही जात नाही, असल्या फरकांनी काम वेगळं होत नाही.

हे आपल्याला कळलं ते मुंबईतल्या एका स्टेनोग्राफरमुळे. ऑड्रे डिकॉस्टा मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत नोकरीला होत्या. हुद्दा होता 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर'. १९७७ मध्ये त्यांची नोकरी संपवण्यात आली. त्यानंतर त्यांनी समान वेतन कायद्याखाली दावा केला, की पुरुष स्टेनोंना जास्त पगार होता आणि काम तेच होतं. कंपनीचा बचाव असा: या बायका मोठ्या साहेबांकडे नेमलेल्या आहेत, त्यांचं काम गोपनीय स्वरूपाचं आहे, म्हणून त्यांचा वर्ग वेगळा. शिवाय १९७५ मध्ये युनियनबरोबर करार झालाय आणि पगार त्याप्रमाणेच ठरलाय.

म्हणजे काम गोपनीय, जबाबदारीचं, साहेबाच्या खास विश्वासातलं, आणि म्हणून पगार कमी! हा तर्क आजही एचआरच्या खोल्यांत ऐकू येतो, फक्त शब्द नवे असतात.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८७ चा निकाल तीन गोष्टींसाठी लक्षात ठेवा. एक, काम सारखं आहे का हे ढोबळमानाने, रोज प्रत्यक्षात काय केलं जातं त्यावरून पाहायचं. नेमणूकपत्रात काय काय करावं लागू शकेल असं लिहिलंय, त्यावरून नाही. दोन, त्या जागांवर फक्त बायका होत्या, कारण कंपनीने त्यांनाच तिथे बसवलं होतं. त्यामुळे 'या पदावर पुरुष नाहीतच' हा बचाव लंगडा ठरला. तीन, युनियनशी केलेला करार कायद्यापेक्षा मोठा नाही. फरकाची रक्कम सात हजार रुपयांहून थोडीशी जास्त होती. त्यासाठी कंपनी थेट दिल्लीपर्यंत लढली.

म्हणून कुणी हा प्रश्न विचारला की मी आधी हुद्दा विचारते. 'असोसिएट' आणि 'एक्झिक्युटिव्ह', 'को-ऑर्डिनेटर' आणि 'मॅनेजर', 'मदतनीस' आणि 'ऑपरेटर'. कामाला दुसरं नाव दिलं की वेगळा पगार खपून जातो असं मालकाला वाटतं. पुष्कळदा खपतोही.

आमच्या पदावर सगळ्या बायकाच आहेत. मग तुलना कुणाशी करायची?

कायदा इथे तोकडा पडतो, हे सरळ कबूल केलेलं बरं.

भारताने १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १०० क्रमांकाचा करार मान्य केला. त्यात शब्द आहेत 'समान मूल्याचं काम'. त्या मापाने पाळणाघरातली बाई आणि गोदामातला पुरुष यांच्या कामांची किंमत शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. आपला कायदा मात्र 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं' एवढ्यावर थांबतो. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा १९८१ चा खटला घ्या. पहिल्या बाळंतपणाला नोकरीवरून काढण्याची अट न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, हे चांगलं झालं. पण पुरुष कर्मचाऱ्यांशी बरोबरी मागितली तेव्हा 'हे संवर्गच वेगळे' असं उत्तर मिळालं.

आणि अंगणवाडी सेविका? ज्या अध्यादेशाने समान वेतनाचा कायदा आणला तो २६ सप्टेंबर १९७५ चा. त्यानंतर आठवडाही पुरता उलटला नव्हता, २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. वजन-उंची, पोषण आहार, लसीकरणाला मदत, पोरांची शाळा आणि वर रजिस्टरांचा ढीग, असं सगळं काम असलेल्या बाईला 'वेतन' न देता 'मानधन' द्यायचं ठरलं. आशांचं तेच, त्या तर 'स्वयंसेविका'. मान भरपूर आणि धन बेताचं! २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, आणि मानधन हेही वेतनच आहे हे मान्य केलं. पण समान वेतनाच्या कलमाखाली त्यांनी बरोबरी मागायची ती कुणाशी? त्या पदावर पुरुष नेमतच नाहीत.

आमच्या गावात बाईची मजुरी कमी आणि गड्याची जास्त असते. शेताला कायदा लागू नाही का?

लागू आहे. शेतमजुरीचे किमान दर सरकार ठरवतं आणि त्यात बाईचा दर, पुरुषाचा दर असा भेद नसतो. गावात तो असतो, कारण तिथे कामंच वाटून घेतलेली असतात. खुरपणी, निंदणी, वेचणी बायकांची. फवारणी, नांगरट, पोती उचलणं गड्यांचं. मग 'त्याचं काम अंगमेहनतीचं' म्हणून दर वेगळा. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईच्या कमरेला कुणी विचारत नाही.

काम मोजून पैसे दिले की हा फरक आपोआप घटतो. कापूस वेचणीला किलोचा दर असतो आणि तो वेचणाऱ्याच्या हाताकडे बघत नाही. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमीच्या कामांवर माती किती खणली आणि खडी किती फोडली त्याच्या मापावर मजुरी असायची. बायका त्या कामांवर एवढ्या मोठ्या संख्येने आल्या त्याचं हे एक कारण. कांदा लागवडीला बायकांच्या टोळ्या एकराच्या हिशेबाने उक्तं काम घेतात, तिथेही भाव करण्याची ताकद टोळीकडे असते.

याच्या अगदी उलट टोकाला ऊसतोड. तिथे हिशेबाचं एकक माणूस नसून 'कोयता' असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात येते आणि दर टनावर असतो. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात जाते, ऊस गोळा करते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, आणि कागदावर तिचा स्वतःचा म्हणून एक रुपयाही नसतो. एक दिवस पडून राहिली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, मात्र लागतो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली आणि सरकारने समिती नेमली. त्या चर्चेत या खाड्याचा उल्लेख वारंवार आला. ज्या बाईला पगारच नाही तिला 'समान पगार' कसा मोजायचा, याचं उत्तर वेतन संहितेत सापडत नाही. निदान दोघांची नावं वेगळी लिहून पैसे दोघांच्या खात्यांवर जमा करण्यापासून सुरुवात करता येईल.

बांधकामावर मिस्त्रीला जास्त आणि बिगारी बाईला कमी मिळतं. हा भेदभाव झाला का?

मिस्त्री आणि बिगारी यांच्यातला फरक हा कौशल्याचा, तो चालतो. पुरुष बिगारी आणि बाई बिगारी यांच्यातला नाही चालत. खरा प्रश्न पुढचा आहे: वीस वर्षं घमेली वाहिलेली किती बायका तुम्ही थापी हातात घेतलेल्या पाहिल्यात?

मी मुलाखतीत कमी मागितलं. आता बोलायला तोंड आहे का?

आहे. कलम ३ मध्ये 'मागितलं असेल तर' अशी अट नाही.

ही तफावत कशी साठत जाते ते समजून घ्या. समजा पहिल्या नोकरीत त्याला वर्षाला ६ लाख आणि तुम्हाला ५ लाख मिळाले. दोघंही नोकरी बदलता. नवी कंपनी मागची सॅलरी स्लिप मागते आणि दोघांनाही अगदी समदृष्टीने ३० टक्के वाढ देते. त्याचे ७ लाख ८० हजार झाले, तुमचे साडेसहा लाख. नव्या कंपनीने कुणावर अन्याय केला असं तिला वाटतही नाही, आणि १ लाखाचा फरक १ लाख ३० हजारांवर गेलेला असतो. म्हणून जमेल तिथे जुन्या पगाराऐवजी त्या पदाच्या पगाराची रेंज विचारावी.

सहकाऱ्याचा पगार मला कळणार कसा? ऑफर लेटरमध्ये तर गुप्ततेची अट आहे.

सरकारी आणि निमसरकारी ठिकाणी सोपं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन त्या कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचं असतं. खासगीत तशी सोय नाही. सीटीसी कुणाला सांगू नये असं पत्रात लिहिलेलं असतं आणि लोक ते पाळतातही, विशेषतः ज्यांना जास्त मिळतं ते.

मात्र दावा लावताना दुसऱ्याची स्लिप तुमच्या हातात असलीच पाहिजे असं नाही. पगार कमी दिल्याचा दावा असेल तेव्हा देणं पूर्ण दिलंय हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेने मालकावर टाकली आहे. रजिस्टरं त्याच्याकडेच असतात. स्वतःची पगारपावती मिळणं हाही तुमचा हक्क आहे. 'आमच्याकडे स्लिप देत नाहीत' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

बेसिक सारखंच आहे, पण त्याला भत्ते आणि ओव्हरटाइम जास्त मिळतो. मग?

संहितेत 'वेतन' या शब्दाच्या व्याख्येतून बरेच भत्ते वगळले आहेत. पण समान वेतनाचा प्रश्न येतो तेव्हा प्रवासभत्ता, घरभाडे, निवाड्याने किंवा तडजोडीने मिळणारी रक्कम आणि ओव्हरटाइम हे चार पुन्हा हिशेबात धरायचे, अशी खास तरतूद आहे. त्यामुळे बेसिक सारखं ठेवून घरभाड्यात फरक करण्याची युक्ती चालत नाही. ओव्हरटाइम प्रत्यक्ष तासांवर मिळतो हे खरं, पण जादा तास आणि रात्रपाळ्या फक्त पुरुषांनाच का वाटल्या जातात, हे विचारण्यासारखं आहे. नव्या संहितांप्रमाणे बाईची संमती असेल आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर तिला संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ आधी कामावर ठेवता येतं.

बाळंतपणाच्या रजेनंतर माझी वाढ मागे पडली. हे यात येतं का?

रजा २६ आठवड्यांची आणि पगारी, हे २०१७ पासून बहुतेकांना माहीत आहे. पण अप्रेझलच्या वर्षातले सहा महिने तुम्ही नव्हतात म्हणून 'सरासरी' रेटिंग मिळतं, पुढच्या वर्षी वाढ त्याच्यावर मोजली जाते, आणि पाच वर्षांनी जोडीचा सहकारी एक पायरी वर असतो. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी पाहून हेच दाखवलं. आता स्त्री-पुरुषांच्या कमाईतली बरीचशी दरी एकाच पेशात काम करणाऱ्यांमध्ये आहे, आणि ती पहिल्या मुलाच्या जन्मापासून रुंदावते. कायद्याच्या भाषेत दावा मांडायचा तर रजेमुळे नेमकं काय गेलं ते कागदावर दाखवावं लागेल: रजेच्या आधीचं रेटिंग, नंतरचं रेटिंग, आणि त्याच श्रेणीतल्या पुरुषाची वाढ.

'तिला कुठे घर चालवायचंय, नवरा कमावतोच की.' याला काय उत्तर द्यावं?

मग ब्रह्मचाऱ्याला निम्मा पगार द्या आणि सहा पोरांच्या बापाला तिप्पट. पगार कामाचा असतो. हा युक्तिवाद करणारे साहेब स्वतःची बायको नोकरी करते म्हणून पगार कमी करून घेत नाहीत.

कंपनी म्हणते परवडत नाही. किंवा बरोबरी करायची म्हणून पुरुषाचाच पगार कमी केला तर?

दोन्ही चालत नाही. परवडत नाही हे कारण मॅकिनन मॅकेन्झीनेही दिलं होतं, ते फेटाळलं गेलं. आणि बरोबरी साधण्यासाठी कुणाचाही पगार खाली आणायचा नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. ही दुसरी गोष्ट पुरुष सहकाऱ्यांना आवर्जून सांगा, बरेच जण त्याच भीतीने गप्प असतात.

पण मग सगळ्यांना अगदी सारखंच द्यायचं? अनुभवाला काही किंमत नाही?

आहे. सेवाज्येष्ठता, शिक्षण, मोजून दाखवता येणारी कामगिरी यांवरचा फरक कोर्ट मान्य करतं. फक्त तो निकष सगळ्यांना सारखा लावलेला हवा, आणि तक्रार आल्यानंतर शोधून काढलेला नसावा.

सरकारी नोकरीत तरी हा प्रश्न नाही ना?

वेतनश्रेणीत नाही. लेव्हल ठरली की बाई-पुरुष सारखेच. तिथे दरी कायम आणि कंत्राटी यांच्यात आहे. २०१६ च्या जगजीत सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना त्या पदाच्या वेतनश्रेणीची किमान पातळी द्यायला सांगितली. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, हा निकाल त्यांना पाठ असतो.

हे सगळं परदेशी फॅड आहे असं आमचे सासरे म्हणतात.

त्यांना सांगा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा, १९४४ मध्ये, कोळसा खाणींत बायकांना जमिनीखाली काम करू देण्यावर केंद्रीय विधिमंडळात वाद झाला. बाबासाहेबांवर टीका झाली. त्या वादात त्यांनी ठासून सांगितलं होतं की या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळते आहे. इंग्लंडमध्ये डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी संप केला तो १९६८ मध्ये, आणि तिथला कायदा १९७० चा. त्यांचंही भांडण कामाला 'कमी कौशल्याचं' ठरवण्यावरून पेटलं होतं.

क्रिकेटमध्ये तर बरोबरी झाली ना?

मॅच फीमध्ये झाली. बीसीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं, की कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२० ला ३ लाख, स्त्री-पुरुष दोघांना. चांगलं झालं. पण फी सामन्यागणिक मिळते आणि बायकांच्या वाट्याला कसोट्या येतात किती? आणि वार्षिक करार पाहा. २०२४-२५ मध्ये पुरुषांची सर्वांत वरची श्रेणी ७ कोटींची होती, तर सांगलीची स्मृती मानधना ज्या श्रेणीत होती ती बायकांची सर्वांत वरची श्रेणी ५० लाखांची. इथे कमाई, प्रेक्षक, प्रक्षेपणाचे हक्क असे मुद्दे काढता येतात आणि त्यात तथ्यही आहे. तुमच्या कारखान्यातल्या पॅकिंगच्या टेबलाला मात्र ते लागू होत नाहीत, एवढं कुणी उदाहरण दिलं तर सांगा.

तक्रार कुठे आणि किती दिवसांत?

आधी लेखी, कंपनीतच. मेल असेल तर उत्तम. त्यानंतर कामगार आयुक्तांचं कार्यालय: जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. दावा तुम्ही स्वतः करू शकता, तुमची युनियन करू शकते, निरीक्षकही करू शकतो. मुदत ३ वर्षांची आहे. प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं संहिता म्हणते. 'प्रयत्न' या शब्दाकडे लक्ष द्या. फरकाच्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते, आणि कमी पगार देणाऱ्या मालकाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. मॅनेजर हुद्द्यावर असाल तरी हे कलम तुम्हाला लागू होतं, कारण संहितेत 'कर्मचारी' या शब्दात व्यवस्थापकही येतात.

नोकरी जाईल याची भीती वाटते.

ती खोटी नाही, आणि 'घाबरू नका' म्हणणं आम्हाला सोपं आहे. दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, एकटीने न जाता दोघी-तिघींनी किंवा युनियनमार्फत जाणं. दुसरी, ३ वर्षांची मुदत. नोकरी सोडल्यावरही मागच्या फरकाचा दावा करता येतो. ऑड्रे डिकॉस्टांनीही नोकरी गेल्यावरच केला.

उद्या कामगार कार्यालयात जायचं ठरवलं तर सोबत काय न्यावं?

नेमणूकपत्र, शक्य तितक्या पगारपावत्या, बँकेचं पासबुक किंवा स्टेटमेंट, कंपनीला केलेल्या अर्जाची पोच. आणि एक साधी वही. पंधरा दिवस तुम्ही रोज काय काम केलं आणि त्याच टेबलावरच्या पुरुष सहकाऱ्याने काय केलं, हे तारखेनिशी, शेजारी शेजारी दोन रकान्यांत लिहा. हुद्दा लिहू नका, काम लिहा.